स्नोमोबाईल खड्या चढावर मान टाकते, सपाटीला मात्र झकास. काय बघू?

नाशिकचा_थंडोबा:

मंडळी नमस्कार. इथे बुलेट नाहीतर स्विफ्टचेच धागे असतात, त्यामुळे हे विचारावं की नाही यातच दोन आठवडे गेले, पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून टाकतोच.

मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला असतो. मागच्या ऑक्टोबरात एक सेकंडहँड स्लेड घेतली (इथे स्नोमोबाईलला सगळे स्लेडच म्हणतात). २०१४ चं मॉडेल, ८०० सीसी, टू स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शन, १५५ इंची ट्रॅक (खाली फिरणारा रबरी पट्टा), म्हणजे डोंगरासाठीचीच गाडी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच "तरी सांगत होतो ती घेऊ नको" सुरू होईल. आधीचा मालक मिनेसोटाचा, गाडी तिथेच वापरलेली, एकदम निगुतीने ठेवलेली, सीटला एक चरा नाही.

आता दुखणं सांगतो. आम्ही चौघं शनिवारी पहाटे निघतो, कॅमरन पास ओलांडून वॉल्डनमार्गे रॅबिट इअर्स पासला जातो, तिथे पासच ९४०० फुटांच्या वर आहे आणि आम्ही फिरतो ते अजून वर, दहा हजारच्या आसपास. ट्रेलवर गाडी लोण्यासारखी चालते. पण खडा चढ लागला की पहिले आठ-दहा सेकंद जोरात जाते, मीटरवर ७८००-७९०० आरपीएम दिसतात, आणि मग हळूहळू आवाजच बदलतो, किंचाळणं बंद होऊन नुसतं भूंऽऽऽ असं रडगाणं सुरू होतं, ७४००, मग ७२००, ट्रॅक जागच्या जागी खड्डा खणायला लागतो आणि मी तिथे मावळ्यासारखा कड्याला चिकटून उभा. बाकीचे तिघे वरून हात दाखवतात. त्यातल्या एकाची स्लेड माझ्यापेक्षा जुनी आहे हे विशेष झोंबतं.

आत्तापर्यंत केलेलं म्हणजे नवे प्लग टाकले, पेट्रोल ९१ ऑक्टेनचं भरतो, एअर बॉक्स बघितला, स्वच्छ होता. जवळच्या एका दुकानात दाखवली तर त्याने कॉम्प्रेशन मोजलं, एका सिलिंडरला १०८ आणि दुसऱ्याला १०६ पीएसआय आलं, आणि म्हणाला की १२० च्या वर पाहिजे, पिस्टन-रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल, दोन हजार डॉलरच्या वर जाईल. बायकोला अजून हा आकडा सांगितलेला नाही.

कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज. इंजिन उघडू का?


यूटा_वाला_बाब्या:

अरे थांब थांब, पाना खाली ठेव आधी. इंजिन अजिबात उघडू नकोस.

मी सॉल्ट लेकला असतो, नऊ वर्षं झाली स्लेड चालवतोय, आमचं फिरणं जास्त करून मिरर लेक हायवेच्या बाजूला, तेही दहा हजार फुटांवरच, त्यामुळे तू म्हणतोस तो आवाज मला इथे बसून ऐकू आला.

पहिलं म्हणजे उंचीचा हिशोब. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार फुटाला साधारण तीन टक्के कमी होते. तुझी गाडी समुद्रसपाटीला दीडशे हॉर्सपॉवरची असेल तर दहा हजार फुटांवर ती एकशे पाचची उरते. हा बिघाड नाही, ही हवा आहे. हवाच विरळ तर इंजिन काय खाणार. तुझ्या मित्राचं इंजिनही तेवढीच ताकद गमावतं, तरी तो वर जातो, म्हणजे नुसत्या हवेवर खापर फोडता येत नाही.

दुसरं, आणि हेच मुख्य. तू लिहिलंयस की पहिले आठ-दहा सेकंद "जोरात" जाते आणि मीटर ७८००-७९०० दाखवतो. तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलला किती आरपीएम पाहिजेत ते बघितलंस का? बहुतेक ८२०० च्या आसपास असेल. म्हणजे तू ज्याला जोरात म्हणतोयस तिथेच तीन-चारशे कमी आहेत. टू स्ट्रोकचा एक्झॉस्ट पाईप ठरावीक आरपीएमलाच साथ देतो, त्या पट्ट्यात आहेस तोवर वाघ, त्याच्या खाली घसरलास की मांजर. ८२०० वरून ७४०० म्हणजे दहा टक्के कमी असं वाटतं पण ताकद त्याच्या कितीतरी जास्त जाते.

आता सांग, सपाटीवर किंवा हलक्या चढावर फुल थ्रॉटल पाच-सहा सेकंद सलग धरून कधी बघितलंस का? बघितलं नसशील. ट्रेलवर कुणी फुल देतच नाही, अर्ध्या थ्रॉटलवर सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या असतात. पुढच्या वेळी मोकळी जागा बघून तेवढंच कर आणि आकडा लिहून आण. आवाजावर जाऊ नकोस, आकडा बघ.

माझा संशय क्लचवर. गाडी मिनेसोटाची म्हणालास ना? तिथे सगळं सपाट, उंची हजार-दीड हजार फूट. त्या माणसाने क्लचमधली वेट्स तिथल्या हिशोबाची ठेवलेली असणार.


कोल्हापुरी_पाना:

बाब्या भाऊ बरोबर बोलतोय. मी बर्फ बघितलाय तो फक्त फ्रिजमधला, पण स्नोमोबाईलचा क्लच म्हणजे आपल्या ॲक्टिव्हाचा थोरला भाऊच की. कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, गिअरलेस स्कूटरच जास्त येतात, आधी वडलांच्या काळात कायनेटिक होंडा यायच्या, तेव्हापासून व्हेरिएटर उघडतोय.

सोपं करून सांगतो. इंजिनाच्या बाजूला एक पुली, मागे एक पुली, मधी बेल्ट. पुढच्या पुलीत वजनं असतात, स्कूटरला गोल रोलर, तुमच्यात नखासारखी वाकडी वेट्स. इंजिन फिरलं की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि पुलीचे दोन गाल जवळ दाबतात, बेल्ट वर चढतो, गाडी वरच्या गिअरला गेली. वजन जास्त तर लवकर दाबणार, म्हणजे गाडी लवकर वरच्या गिअरला जाणार. आता बघा गंमत, वजनाला हवा विरळ आहे का दाट आहे ते कळत नाही हो, ते आरपीएमप्रमाणे तेवढ्याच जोरानं दाबणार. आणि इंजिन बिचारं उंचीवर अर्धपोटी. म्हणजे उपाशी माणसाला पोतं तेवढंच दिलं उचलायला. मग आरपीएम वर येतच नाही.

आमच्याकडं एक गिऱ्हाईक यायचं, कुणीतरी सांगितलं म्हणून जड रोलर टाकून घेतलेले, ॲव्हरेज वाढतंय म्हणून. सपाटीला खूश. एकदा डबलसीट आंबा घाटात गेला आणि बायकोला उतरून चालायला लागलं. दुसऱ्या दिवशी ती दोघंही गॅरेजला, बोलत ती एकटीच होती.

थंडोबा साहेब, कव्हर काढा आणि तीन गोष्टी बघा. बेल्टच्या बाजू, क्लचच्या गालावर काळा थर आहे का ते, आणि वेट्सवर नंबर छापलेला असतो तो. आणि हो, चढ चढून गाडी थांबली की लगेच हात जवळ नेऊन बघा क्लच किती तापलाय. जवळ नेऊन म्हणतोय, लावू नका.


सिमला_मिरची:

आम्ही गेल्या डिसेंबरात गुलमर्गला स्नोमोबाईलवर बसलो होतो, मी, मिस्टर आणि चालवणारा भैया. चढ आला की भैया म्हणायचा भाईसाब आप उतर जाओ, आणि मिस्टर बर्फातून चालत वर. आता कळलं त्याचं शास्त्रीय कारण 😄 गुलमर्ग पण साडेआठ हजार फुटांच्या वर आहे ना. प्रश्नाचं उत्तर नाहीये माझ्याकडे, सॉरी, चालू द्या.


यूटा_वाला_बाब्या:

@सिमला_मिरची भैयाने योग्य तेच केलं, त्याला आपण क्लचिंग न बदलता वजन कमी करणं म्हणू शकतो 😂


रिटायर्ड_ईएमई:

बाळा, तुझा प्रश्न वाचून जुने दिवस आठवले. मी ईएमईमधनं (लष्कराची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) रिटायर झालो, आता साताऱ्याजवळ गावी असतो. नोकरीत काही काळ सियाचीनच्या बाजूला काढलाय, तिथं आमच्याकडं स्नो स्कूटर असायच्या, सामान न्यायला, माणूस आजारी पडला तर खाली आणायला. जास्त काय लिहीत नाही त्याबद्दल, पण एवढं सांगतो की अठरा हजार फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, तिथं माणूस बूट घालताना धापा टाकतो तर इंजिनाचं काय घेऊन बसलास.

आमच्या काळात कार्ब्युरेटर होते. वर जाताना हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण रिच होतं, प्लग काळे ओले, गाडी घुसमटते. मग मेन जेट लहान घालायचा. आणि खाली उतरताना आठवणीनं परत मोठा, नाहीतर लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, पिस्टन भाजतो. तुझी इंजेक्शनची आहे तर ते काम सेन्सर करतो, ती कटकट नाही.

पण ही पोरं क्लच क्लच म्हणतायत त्यात एक गोष्ट राहिली. तू म्हणतोस चढावर काही सेकंदांनी ताकद जाते. सपाटीला जात नाही. तर चढावर अजून काय बदलतं? गाडीचं तोंड वर होतं. म्हणजे टाकीतलं पेट्रोल सगळं मागं जातं. टाकी पाव असेल आणि आतला पाईप पुढं अडकलेला असेल किंवा त्याची जाळी चोंदली असेल तर पंप हवा ओढतो.

दुसरं म्हणजे टाकीचा व्हेंट. टाकीतनं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे. ती बारीक नळी कुठं दाबली गेली, मुडपली, किंवा तिच्या तोंडाशी बर्फ धरला, की आत व्हॅक्यूम होतो आणि पंपाची ओढाताण सुरू. फुल थ्रॉटलला पेट्रोल जास्त लागतं म्हणून तेव्हाच कळतं, सावकाश चालवताना कळत नाही. परीक्षा सोपी आहे. गाडी मान टाकून उभी राहिली की इंजिन बंद कर, लगेच टाकीचं झाकण हळू सैल कर. सुस्स करून हवा आत गेली की समजायचं चोर सापडला.

एका वेळी एकच गोष्ट बदल. आमचे सुभेदार साहेब ओरडायचे, चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली तर तुला कळलं काय, तर काहीच नाही.


कॅलगरीची_ताई:

छान चर्चा चाललीये, मी उशिरा आले. मी आणि नवरा दोघंही चालवतो, दरवर्षी दोन-तीनदा रेव्हलस्टोकला (इथलं कॅनडातलं डोंगराळ गाव) जातो.

कॉम्प्रेशनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. थंडोबा, दुकानात मोजलं ते फोर्ट कॉलिन्सलाच ना? मग ती जागाच पाच हजार फुटांवर आहे! कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडर बाहेरचीच हवा दाबतो, बाहेरची हवा सतरा टक्क्यांच्या आसपास विरळ असेल तर आकडाही तेवढाच कमी येणार. तुझे १०८ म्हणजे समुद्रसपाटीचे साधारण १३०. आणि दोन सिलिंडरमधला फरक फक्त दोनचा, रिंग गेली असती तर एक सिलिंडर आधी लंगडला असता, दोन्ही शहाण्यासारखे एकदम थोडीच म्हातारे होतात. गेज पण सगळ्यांचे वेगवेगळे दाखवतात, म्हणून दोघांतला फरक बघायचा. दोन हजार डॉलर वाचव आणि बायकोला काहीतरी घे.

टू स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतात, तेही काढून बघ, कार्बन धरून अर्धवट अडकले की वरच्या आरपीएमला गाडी दमते. आमच्या एका स्लेडला हेच झालं होतं, सीझनला एकदा साफ करायचं काम नवऱ्याचं होतं आणि नवऱ्याने दोन सीझन केलं नव्हतं, एवढंच लिहिते. अजून एक, भुसभुशीत पावडर असेल त्या दिवशी पुढच्या एअर व्हेंटच्या जाळ्यांवर बर्फाचा थर बसतो, हाताने झटकायचा. घरी गॅरेजमध्ये एअर बॉक्स स्वच्छच दिसणार, बर्फ तोवर वितळलेला असतो.

आता जरा कान धरते. तू लिहिलंयस की गाडी मान टाकते आणि तू कड्याला चिकटून उभा राहतोस आणि बाकीचे वरून हात दाखवतात. हे वाचून पोटात गोळा आला. अशी अडकलेली गाडी म्हणजे उतारावर माणूस खड्डा खणत बसलाय, आणि वर तीन गाड्या! हिमस्खलनं जास्त करून तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरच होतात, म्हणजे तुम्ही जिथे मजा करताय नेमकं तिथेच. एका वेळी एकानेच चढायचं, बाकीच्यांनी उताराच्या खाली किंवा डोक्यावर नाही, बाजूला सुरक्षित जागी थांबायचं, आणि कुणी अडकला म्हणून दुसऱ्याने मदतीला त्याच उतारावर जायचं नाही. बीकन (गाडल्या गेलेल्याचा माग देणारा ट्रान्समीटर), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) तिन्ही अंगावर पाहिजे, गाडीच्या बॅगेत नाही. तुमच्याकडे कोलोरॅडोत सीएआयसीचा (तिथलं हिमस्खलन माहिती केंद्र) रोजचा अंदाज येतो तो पहाटे निघायच्या आधी वाच.

आणि आरपीएम पडायला लागले की हट्ट करायचा नाही. थोडा वेग आहे तोवरच गाडी वळवून खाली काढायची. पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितलीस तर मग खणत बस.


नाशिकचा_थंडोबा:

बाप रे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. ताई, कान धरलेत ते योग्यच, बीकन आहेत आमच्याकडे पण प्रोब गाडीवरच बांधलेला असतो, आणि वर तिघं एका जागी थांबायचे हेही खरं. ग्रुपवर तुमचा मेसेज मराठीतून इंग्रजीत करून टाकला, दोघांनी अंगठा दिला, तिसऱ्याने लिहिलं की ही बाई आपल्याबरोबर येईल का.

काल कव्हर उघडलं. बेल्टच्या दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत, नखाने खरवडलं तर नख घसरतं. क्लचच्या गालांवर काळसर पट्टा. आणि वेट्सवर छापलंय ६६. कव्हरच्या आतल्या बाजूला स्टिकर होता, धूळ बसलेली, पुसला तर उंचीप्रमाणे तक्ताच निघाला! सगळ्यात खालच्या उंचीला ६६ आणि नऊ हजारच्या वर ६०. म्हणजे तीन महिने उत्तर माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर चिकटवलेलं होतं.

सपाटीवर फुल थ्रॉटल धरून बघितलं, नऊ हजार फुटांवर, सहा सेकंद. ७६००. मॅन्युअल म्हणतं ८२००. बाब्या, तुला एक मिसळ लागू.

आता नुसती वेट्स बदलू की स्प्रिंगही? आणि बेल्ट फेकू का?


यूटा_वाला_बाब्या:

मिसळ नोंदवून ठेवली आहे.

सहाशे कमी आणि सहा ग्रॅम जास्त, हिशोब जुळतोय बघ. ढोबळ मानाने एका ग्रॅमला शंभर आरपीएम धरतात, गाडीगणिक थोडं इकडेतिकडे. तक्त्यात त्या उंचीला स्प्रिंग वेगळी दिली असेल तर तीही बदल, तशीच असेल तर आधी नुसती वेट्स. काका म्हणाले ते लक्षात ठेव, एका वेळी एक. तिन्ही वेट्स एकाच नंबरची पाहिजेत, एक जरी वेगळं असलं तरी क्लच थरथरतो. पिना आणि बुश पण बघून घे, झिजले असतील तर वेट्स अडखळतात.

मागचा क्लच विसरू नकोस. चढ वाढला की मागच्या क्लचने बेल्ट पटकन खालच्या गिअरला ओढायचा असतो, स्प्रिंग थकली असेल किंवा आत बेल्टची काळी धूळ भरली असेल तर ते उशिरा होतं आणि तेवढ्यात आरपीएम पडून जातात. तुझं "हळूहळू रडगाणं" त्यातलंच वाटतं. खाली मोकळ्या बर्फात ट्रॅक फिरत असतो, भार कमी, म्हणून ७८०० दिसतात, मग ट्रॅकला पकड मिळते, चढ वाढतो, भार वाढतो, बेल्ट घसरून तापतो, तापला की अजून घसरतो.

एक फरक ध्यानात ठेव. आरपीएम पडले आणि गाडीही पडली तर वेट्स जड किंवा इंजिन कमजोर. आरपीएम वर जातायत पण ट्रॅकचा वेग पडतोय, तर बेल्ट घसरतोय.


कोल्हापुरी_पाना:

बेल्ट काचेसारखा झालाय म्हणजे त्याचं झालं. कोमट पाण्यात साबण घालून धुतात, बाजू जरा घासतात, पण ते स्पेअर म्हणून बॅगेत ठेवायला. नवा टाका. आणि नवा टाकायच्या आधी क्लचचे गाल स्कॉचब्राईटनं घासून ब्रेक क्लीनरनं पुसा, तेलाचा हात लागू देऊ नका, लोक बेल्ट चिकन्या हातानं बसवतात आणि मग घसरतो म्हणतात. नवीन बेल्ट बसवल्यावर मागच्या पुलीच्या काठाशी समतल किंवा केसभर वर दिसला पाहिजे, खाली बुडाला तर सुरुवातच वरच्या गिअरनं होणार. पहिले तीस-चाळीस मैल सबुरीनं चालवा. नव्या सुनेला पहिल्या दिवशी पन्नास माणसांचा स्वयंपाक सांगत नाहीत.


रिटायर्ड_ईएमई:

झाकणाची परीक्षा केलीस का? ती राहिली.


नाशिकचा_थंडोबा:

काका, तुम्ही राहिली म्हणालात आणि तीच आडवी आली. सविस्तर लिहितो, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण मधे एक शनिवार सीएआयसीचा अंदाज वाईट होता म्हणून गेलोच नाही (ताई, वाचताय ना).

आधी वेट्स ६० ची टाकली, स्प्रिंग तक्त्यात तीच होती म्हणून ठेवली. गाल घासले, मागचा क्लच उघडला तर आत कोळशाच्या खाणीसारखी धूळ, सगळी साफ केली, नवा बेल्ट, चाळीस मैल देवाचं नाव घेत हळू चालवली. एक्झॉस्ट व्हॉल्व्हही काढले, थोडा कार्बन होता पण अडकलेले नव्हते. मग फुल थ्रॉटल, सपाटीवर, ८१५०. त्याच चढाला गेलो जिथे दर वेळी खड्डा खणायचो. मी एकटाच चढलो, बाकीचे बाजूला झाडांपाशी. मीटरकडे बघत होतो, ८१००, ८१५०, ८१००, आवाज शेवटपर्यंत तोच किंचाळणारा, आणि मी वर! खरं सांगतो, हेल्मेटच्या आत ओरडलो. वर थांबून क्लच बघितला, कोमट होता, हात लावता येत होता (जवळ नेऊन मग लावला, पाना भाऊ).

दुपारी तिसऱ्या की चौथ्या चढाला गाडी परत मेली. पण या वेळी वेगळी. रडगाणं नाही, आधी दोन-तीनदा खक् खक् अशी ठसकली आणि आरपीएम एकदम सहा हजारावर. मी ताईंचं ऐकून वेग होता तोवरच वळवून खाली आणली, इंजिन बंद केलं, आणि काकांची आठवण झाली. झाकण सैल केलं तर असा सुस्स आवाज आला की शेजारचा मित्र म्हणाला टायर गेला का. टाकी पावाच्या जरा वर होती.

घरी येऊन सीट काढली. व्हेंटची नळी हँडलच्या दिशेने वर जाते, तिथे मीच नोव्हेंबरात हँडल वॉर्मरची वायर ओढताना झिप टाय मारला होता, आणि तो नळीसकट आवळला होता. म्हणजे अर्धा चोर मिनेसोटाचा आणि अर्धा घरचाच. झिप टाय कापला, नळी मोकळी केली, गेल्या शनिवारी टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत चढलो, एकदाही ठसकली नाही.

दुकानात परत गेलो नाही. बायकोला दोन हजारांचा आकडा आता सांगितला, वाचलेले म्हणून, तर ती म्हणाली मग ते आहेत कुठे.


कॅलगरीची_ताई:

हाहा, हा प्रश्न आमच्याकडेही विचारला जातो, फक्त मी विचारते. मस्त काम केलंस. प्रोब पाठीवर आला का?


नाशिकचा_थंडोबा:

आला. चौघांचाही.


कोल्हापुरी_पाना:

जुनी ६६ ची वेट्स फेकू नका हां. कधी गाडी खालच्या उंचीला नेली किंवा विकली तर लागतील. ६० घालून सपाटीला फुल दिलं तर इंजिनाला भार कमी पडून आरपीएम हद्दीच्या वर जाणार, आणि मग खरोखरच इंजिन उघडायला लागेल.


नाशिकचा_थंडोबा:

नाही फेकली. चितळ्यांच्या बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात ठेवलीयत, वर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय "मिनेसोटा". मुलगी विचारत होती तिथून खाऊ आलाय का म्हणून.